बाहेरच्या लाकडी भिंतीवरचा लेप का सुटतो? या चुका टाळा

दर्शनी लाकडी भिंतीचा रंग सुटू लागला की पहिला संशय डब्यावर जातो आणि आणखी महाग डबा आणून जुन्यावरच नवा हात मारला जातो. त्याआधी एक पोपडा नखाने उचलून उलटा करून पाहावा. मागे करडे तंतू चिकटून आले असतील, तर रंग लावण्यापूर्वीच लाकडाचा पृष्ठभाग उन्हाने कमजोर झालेला होता. लेप लाकडापासून सुटला असून खालची फळी ओलसर लागत असेल, तर पाणी मागून किंवा टोकाकडून शिरते आहे. आणि फक्त वरचा थर निघून खालचा शाबूत असेल, तर दोन हातांच्या मध्ये धूळ, तेलकटपणा किंवा जुनी चकाकी राहून गेली आहे.

सर्वांत जास्त फसवणारी वस्तू म्हणजे बिनरंगी वॉर्निश. लाकडाची नैसर्गिक छटा दिसावी ही इच्छा समजण्यासारखी आहे, परंतु पारदर्शक थरातून अतिनील किरण आरपार जातात, तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन विघटित होते आणि वॉर्निश स्वतः धड असूनही पापुद्र्यांनी निघू लागते. उन्हाच्या बाजूला हे वर्षा-दोन वर्षांतच घडू शकते. रंगद्रव्य असलेले, लाकडात मुरणारे वुड स्टेन अशा भिंतीसाठी अधिक शहाणपणाचे ठरते, कारण ते झिजते पण सहसा पोपडे धरत नाही, आणि पुढच्या वेळी खरवडण्याचे कष्ट वाचतात. याच कारणाने कोऱ्या फळ्या भिंतीवर ठोकून दोन-तीन आठवडे उघड्या ठेवणेही चुकीचे आहे. तेवढ्या उन्हानेही रंगाची पकड कमी होते, म्हणून अशा फळ्यांना आधी घासकागद (सँडपेपर) मारून घ्यावा. मात्र स्टेन लावायचे असल्यास फार बारीक कागद वापरू नये, कारण गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागात ते नीट मुरत नाही.

पाण्याची खरी वाट फळीच्या कापलेल्या टोकांतून जाते. झाडातून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तिथे उघड्या असतात, त्यामुळे टोक फळीच्या सपाट अंगापेक्षा कितीतरी वेगाने पाणी पिते. तरीही कारागीर मोजून फळी कापतो आणि कोरे टोक तसेच जोडात दडवून मोकळा होतो. प्रत्येक कापानंतर टोकाला लगेच प्रायमरचे दोन भरपूर हात द्यावेत. फळीच्या धारदार कडाही दोन-तीन मिलिमीटर गोलसर कराव्यात, कारण धारेवर ओला रंग मागे सरकतो, थर विरळ राहतो आणि पहिली चीर तिथेच पडते. फळ्यांच्या मागे हवा खेळण्यास फट नसेल आणि खालची फळी जमिनीला टेकलेली असेल, तर लेप कोणताही असो, टिकणार नाही.

ओलाव्याचा अंदाज हाताने घेऊ नये. मॉइश्चर मीटरवर १८ टक्क्यांपेक्षा जास्त आकडा दिसत असेल, तर थांबावे. तळपत्या उन्हात तापलेल्या फळीवर किंवा दव पडण्याच्या बेतात असताना रंग लावू नये. एकात फोड येतात, दुसऱ्यात थर नीट वाळत नाही.

काळे ठिपके दिसले की त्यांवर घरगुती ब्लीच पाण्यात पातळ करून एक थेंब टाकावा. एक-दोन मिनिटांत ठिपका फिका पडला तर ती बुरशी आहे आणि ती धुऊन काढल्याशिवाय वर रंग लावण्यात अर्थ नाही. ब्लीच मात्र अमोनिया असलेल्या द्रावणात कधीही मिसळू नये. खिळ्याभोवतीचे निळसर काळे ओघळ बुरशीचे नसतात. ते लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने येतात, त्यामुळे तिथे खिळे बदलून स्टेनलेस स्टीलचे घालावे लागतात.

जवसाचे तेल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून ढिगात टाकल्यास त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.