स्कोपुला की इडेया? लहान फिकट पतंग ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात सह्याद्रीत पांढरा पडदा लावून दिवा पेटवला की तासाभरात नखाएवढे पांढरट, मातकट, पिवळसर पतंग पंख सपाट पसरून त्यावर बसू लागतात. यांतले बरेच जण जिओमेट्रिडी कुळाच्या स्टेर्हिनी उपकुळातले असतात, आणि त्यांत गोंधळ सर्वाधिक होतो तो स्कोपुला आणि इडेया या दोन प्रजातींचा (प्रजाती म्हणजे इथे जवळच्या जातींचा गट, जीनस). दोन्हींत जगभरात प्रत्येकी 600 हून अधिक जाती आहेत. पंखांवरच्या नागमोडी रेघा पाहून नाव ठरवायला गेलं की घोळ होतो. इथे आधी पाय, मग शिरा आणि शेवटी नक्षी पाहावी.

कुळच चुकणं

पडद्यावर सपाट बसलेला प्रत्येक पतंग जिओमेट्रिड नसतो. क्रॅम्बिडी कुळातलेही तसेच बसतात, पण बहुतेकांच्या तोंडापुढे चोचीसारखे स्पर्शक (तोंडाचे अवयव, मिशा नव्हेत) पुढे आलेले दिसतात. स्कोपुलाचे स्पर्शक आखूड असतात, वरून जेमतेम दिसतात. अळीवरूनही फसगत होते. सोयाबीनवरची हिरवी उंटअळी पाठ उंच करत चालते, पण ती नॉक्टुइडी कुळातली आहे. जिओमेट्रिड अळीला पोटाखाली मांसल पायांची साधारणपणे एकच जोडी आणि शेवटी दुसरी जोडी असते.

तिसरा फसवा प्रकार म्हणजे उडालेला हिरवा रंग. जिओमेट्रिनी उपकुळातल्या हिरव्या पतंगांचा रंग ओलाव्याने जातो. वाळलेला नमुना मऊ करायला दमट डब्यात ठेवला की तो पिवळट-पांढरा होतो आणि मग कुणीतरी त्याला स्कोपुला म्हणून मोकळा होतो. पंखातल्या शिरांना एम-1, एम-2 अशी ठरलेली नावं असतात; अशा वेळी मागच्या पंखाची एम-2 शीर पाहा. हिरव्या पतंगांत ती एम-1 च्या जवळून निघते, स्टेर्हिनीत दोन्ही शेजारणींच्या साधारण मधून.

नर-मादी न ठरवता पाय पाहणं

मागच्या पायाचा टिबिया (पोटरीसारखा लांब भाग) हा इथला सर्वात उपयोगी अवयव आहे, पण लिंग माहीत नसेल तर तोच दिशाभूल करतो. आधी पतंग उलटा करून मागच्या पंखाच्या मुळाशी पाहा: नराला एकच जाड राठ केस असतो, मादीला एकापेक्षा जास्त बारीक. मग पायाकडे वळा.

स्कोपुलाच्या नरात मागचा टिबिया बहुधा फुगलेला असतो, त्यात केसांचा झुबका दडलेला असतो आणि काटे नसतात. त्याच पायाचा टार्सस (टिबियापुढचा शेवटचा भाग) अनेक जातींत आखूड असतो. मादीच्या टिबियावर बहुधा काट्यांच्या दोन जोड्या असतात, एक मध्यावर आणि एक टोकाशी. इडेयाच्या नरालाही बहुधा काटे नसतात, मादीला मात्र बहुधा फक्त टोकाची जोडी असते. म्हणून ‘काटे नाहीत’ एवढ्यावरून प्रजाती ठरत नाही, नर आहे इतकंच कळतं. मागचे पाय पोटाला चिकटलेले असतात आणि हाताळताना तेच आधी तुटतात, त्यामुळे दहापट भिंगातून खालून फोटो घेतल्याशिवाय पतंग टाचणीवर चढवू नये.

शिरा न पाहणं

स्कोपुला आणि इडेयाचा निकाल मागच्या पंखात लागतो. आरएस आणि एम-1 या दोन शिरा स्कोपुलात वेगवेगळ्या किंवा एकाच बिंदूतून निघतात, इडेयात त्या काही अंतर एकाच देठावर जातात आणि मग फुटतात. ब्रिटिश भारतातल्या पतंगांवरच्या हॅम्पसनच्या 1895 च्या खंडात शिरांना आकडे आहेत, तिथे याच शिरा 7 आणि 6 म्हणून शोधाव्यात. त्यातली बरीच प्रजातिनामं पुढे बदलली आहेत, पण शिरांची वर्णनं आजही कामाची आहेत.

शिरा दिसत नाहीत ही नेहमीची तक्रार असते. बारीक ब्रशने पंखाच्या खालच्या बाजूला 95 टक्के अल्कोहोलचा थेंब लावा आणि मागून उजेड धरा. खवले काही क्षण पारदर्शक होतात, अल्कोहोल उडालं की नक्षी परत येते. पाणी वापरू नका, ते खवल्यांवरून ओघळून जातं.

नक्षीत चुकीची गोष्ट पाहणं

रंगाची छटा सोडून द्या. फ्लॅशमध्ये पांढरट पंखाची नक्षी फोटोत जळून जाते आणि पिवळ्या दिव्याखाली पांढरा पतंग मातकट दिसतो. आकारही निर्णायक नाही, कारण इडेया सहसा लहान असली तरी दोन्हींची मापं एकमेकांत मिसळतात. माप घ्यायचंच तर पंखविस्तार नको, पुढच्या पंखाची मुळापासून टोकापर्यंतची लांबी घ्या, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून.

पाहायचं ते हे: मधली रेघ मधल्या ठिपक्याच्या आतून जाते, बाहेरून की त्याच्यावरून? पुढच्या आणि मागच्या पंखांवर हे वेगवेगळं असू शकतं. पंखाच्या काठावरचे काळे ठिपके शिरांच्या टोकाशी आहेत की दोन शिरांच्या मधे? आणि चेहरा समोरून काळा आहे की फिका? झालर झिजलेल्या नमुन्यात काठाचे ठिपके निघून गेलेले असतात, ‘ठिपके नाहीत’ असं लिहिण्याआधी झालर शाबूत आहे का ते बघा.

मोबाइलवरची ओळखणारी ॲप या गटात बिनदिक्कत जातीचं नाव सुचवतात, अनेकदा भलत्याच खंडातल्या जातीचं. निव्वळ पाठीच्या फोटोवरून ‘स्कोपुला, जाती अनिश्चित’ हीच बहुतेकदा अचूक नोंद असते.

विच्छेदनात हरवणारा भाग

जाती ठरवायला अनेकदा जननांग पाहावंच लागतं. (अभयारण्यातून नमुना घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते.) पोट वरच्या दिशेने वाकवून तोडा, 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) रात्रभर ठेवा, हातमोजे आणि चष्मा घालून. कमी वेळ दिला तर चरबी चिकटून राहते, फार दिला तर पातळ पडदे विरतात.

मोठी चूक यानंतर होते. जननांग बाहेर ओढून उरलेलं पोट टाकून दिलं जातं, आणि स्कोपुलाच्या नराची ओळख सांगणारी पोटाच्या आठव्या खंडाची खालची पट्टी त्याबरोबर जाते. या पट्टीला सेराटा नावाचे दोन हातांसारखे भाग असतात. अनेक जातींत डावा-उजवा सारखा नसतो, एक लांब, एक आखूड. पोट बाजूने कापून पट्टी सपाट करा आणि ती आतून दिसतेय की बाहेरून, हे काचपट्टीवर लिहा. ती उलटी बसली किंवा कॅमेऱ्याने प्रतिमा पलटवली की डावा उजवा होतो आणि वर्णन दुसऱ्याच जातीशी जुळतं. पोटाच्या कुपीवरचा क्रमांक पतंगाच्या टाचणीवरही त्याच बैठकीत लावा.