वंशावळ काढताना नाती कशी मांडायची

वंशावळ काढायला बसलं की पहिला मोह होतो तो चौकोनात सरळ 'काका' लिहून टाकायचा. ते करू नका. तुमचा काका तुमच्या मुलीचा चुलत आजोबा असतो आणि तुमच्या आतेभावाचा मामा, मग तक्ता नक्की कुणाच्या बाजूने वाचायचा? दोनच धागे काढा, कोण कुणाचं मूल आणि कुणाचं लग्न कुणाशी. चुलत, मावस, साडू, जाऊ, नणंद हे सगळं त्यातूनच निघतं. कागदावर पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल आणि मधे लग्नासाठी बरोबरचं चिन्ह (=), एवढं पुरतं. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर ग्रॅम्प्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

आता खरी गुंतागुंत. आपल्याकडे एकत्र कुटुंबात मुलं सख्ख्या वडिलांनाच काका म्हणायची, कारण घरातली बाकीची चुलत भावंडं तसं म्हणायची. आमच्या घरातल्या जुन्या पत्रांत एकाच माणसाला सगळे काका लिहितात, मी त्याला बिनधास्त आजोबांचा काका म्हणून जोडला आणि पुढची सगळी पिढी एक घर बाजूला सरकली. मग मायन्याकडे लक्ष गेलं. आजोबांच्या पत्रात 'तीर्थरूप काका' होतं आणि त्यांच्या चुलतभावाच्या पत्रात 'तीर्थस्वरूप काका'. तीर्थरूप हे आईवडिलांना आणि तीर्थस्वरूप हे त्या मानाच्या बाकी वडीलधाऱ्यांना, म्हणजे ते आजोबांचे वडीलच! म्हणून जुनी माणसं सांगत असतील तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, तुम्ही त्यांना हाक काय मारायचात, आणि ते तुमचे कोण. दोन्ही उत्तरं लिहून ठेवा.

प्रत्येक माणसाला नंबर द्या, नुसत्या नावावर जाऊ नका. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असली की गणेश रामचंद्र, मग रामचंद्र गणेश, मग परत गणेश रामचंद्र, आणि दोन पिढ्यांचं अंतर असलेली दोन माणसं एकच वाटायला लागतात.

बायकांचं तर उलटं होतं, एकीच्या दोघी होतात. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं की माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळंच बदलतं. माझ्या तक्त्यात आजीची बहीण दोनदा आली होती, एकदा माहेरच्या नावाने आणि एकदा सासरच्या. माहेरचं नाव मुख्य धरा, सासरचं पर्यायी नाव म्हणून जोडा, आणि प्लीज नवऱ्याच्या त्रिकोणात नुसतं 'सौ.' लिहून सोडू नका, तिच्या आईवडिलांकडे जाणारी रेघ तिथेच तुटते आणि मग कुणाला ती परत सापडत नाही.

मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर एकच माणूस मामाही आणि सासराही (सासूला आत्याबाई, सासऱ्याला मामंजी म्हणतात ते आठवा). अशा वेळी त्याला दोनदा काढायचं नाही, एकाच त्रिकोणाकडे दोन्ही रेघा न्यायच्या, झाडाला वेटोळं पडलं तरी पडू दे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याआधी (मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याआधी) दोन बायका असणं कायद्याने चालायचं, त्यामुळे मूल नुसतं बापाखाली लटकवू नका, ज्या जोडप्याचं आहे त्या जोडप्याला जोडा म्हणजे सख्खं-सावत्र आपोआप कळेल. दत्तक असेल तर जन्मदाते आणि दत्तक घेणारे दोन्ही दाखवा, दत्तकाची रेघ तुटक. दत्तक गेलेल्याचं आडनाव बदलतं आणि मूळ घरात तो 'लहानपणीच गेला' असं कुणीतरी सांगतं, तेव्हा 'गेला' म्हणजे कुठे, हे नक्की विचारा.

मुली सापडत नसतील तर तलाठ्याकडचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी, बघा, वारसनोंदीत कधीकधी लेकींची नावंही मिळतात. आणि ज्या रेघेची खात्री नाही तिच्याजवळ पेन्सिलने प्रश्नचिन्ह, कुणी सांगितलं ते आणि तारीख.