द्राक्षं उतरायच्या आत फाइल तयार हवी

जर्मनीला मास्टर्स करायला जायचं म्हणून पोरं माझ्याकडे विचारायला येतात ती बहुतेक जूनमध्ये. शेवटचा पेपर झालेला असतो, कॉलेज रोडवर कुणीतरी ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असं कानात सांगितलेलं असतं आणि हातात पासपोर्टही नसतो. त्या ऑक्टोबरचं सत्र तेव्हाच हातचं गेलेलं असतं. तिकडच्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत हिवाळी सत्राच्या अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै असते, काही अभ्यासक्रमांची तर परदेशी मुलांसाठी त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून सुरुवात आदल्या वर्षीच्या गणपतीत करायची. माझ्या भाचीची फाइल आम्ही अशीच गणपतीत उघडली होती. घर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षबागायतीचं. तिची फाइल करताना जे ठेचकाळलो तेच इथे लिहितोय.

फुकटचं आधी सांगून टाकतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरं, फक्त दर सत्राची थोडी वर्गणी असते. पण बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता शुल्क सुरू केलंय. राहण्याखाण्याचा खर्च तर सगळीकडेच आपला. त्याचं पुढे येतंच.

पहिलं काम पासपोर्ट. नाशिकमध्येच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यासाठी कुठे जायला नको. मात्र अर्ज भरायच्या आधी दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, आधार आणि कॉलेजची एक मार्कशीट जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि फक्त नाव वाचा. आपल्याकडची खरी गोम इथेच आहे. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचंही. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे ‘व्ही’ तर कुठे ‘डब्ल्यू’, वडिलांच्या नावापुढे एका कागदावर ‘राव’ आहे आणि दुसऱ्यावर नाही. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण दिल्लीत किंवा बर्लिनमध्ये बसून कागद तपासणाऱ्याला ही दोन माणसं वाटू शकतात. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. तो रिकामा सोडायचा नाही आणि त्यात पूर्ण नावही कोंबायचं नाही. नुसता क्रम उलटा असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. स्पेलिंगच चुकलेलं असेल तर बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घ्या. नाव खरोखरच बदललेलं असेल तर राजपत्र. भाचीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर एक अक्षर जास्तीचं होतं. ते घालवायला जेवढे दिवस गेले तेवढ्यात तिचा आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, अभ्यास झाला.

आयईएलटीएसला पासपोर्ट हाच ओळखीचा पुरावा, म्हणून परीक्षा त्याच्यानंतर. निकाल दोन वर्षं चालतो. इंग्रजीतल्या मास्टर्सना साधारण ६.५ मागतात, पण प्रत्येक अभ्यासक्रमाचं पान उघडून स्वतः बघा. जर्मन भाषेचा पहिला टप्पा, म्हणजे ए१, इथे असतानाच करून टाका. कुणी मागितला नाही तरी तिकडे दूध आणि ताक यांतला फरक पाकिटावर वाचता येईल.

मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाचा अधिकृत उतारा. आपली बहुतेक इंजिनिअरिंग आणि सायन्स कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, म्हणून शिक्का शेवटी पुण्याचाच. कॉलेजच्या ऑफिसात अर्ज देऊन घरी बसू नका. दर आठवड्याला जाऊन विचारा, गोड बोलून विचारा. अभ्यासक्रमाची प्रतही सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा, कारण तिकडचे लोक तुमच्या विषयांची यादी त्यांच्या विषयांशी एकेक करून ताडून बघतात. शिफारसपत्रासाठी सरांकडे गेलात की ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे ऐकायला मिळणारच. रागावू नका आणि खरंच स्वतः लिहूही नका. तुमचा प्रोजेक्ट काय होता, कुठे अडला, कसा सुटला हे एका कागदावर मुद्दे काढून त्यांच्या हातात ठेवा आणि समोर बसा. पत्र लेटरहेडवर हवं आणि सरांचा संस्थेचा ईमेल त्यावर हवा.

गुणांचा हिशेब आपल्या उलटा आहे. तिकडे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. कमाल गुणांतून आपले वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि त्यात एक मिळवा. दहापैकी ८.२ सीजीपीए आणि पास व्हायला ४ धरले तर उत्तर येतं १.९. हा आकडा काढल्याशिवाय विद्यापीठांची यादी करूच नका. पुष्कळ अर्ज युनी-असिस्ट या संस्थेमार्फत जातात. तिथे एका सत्रासाठी पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात. म्हणजे वीस ठिकाणी खडे मारत बसण्यापेक्षा सहा-सात नेमके अर्ज बरे.

एपीएस प्रमाणपत्र कुणीही विसरतं, म्हणून वेगळं सांगतो. एपीएस हे दिल्लीतलं कार्यालय, तुमचे शैक्षणिक कागद खरे आहेत याची तपासणी ते करतं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे आणि अर्जाच्या वेळीही ते मागतात. फी १८,००० रुपये. गर्दीच्या दिवसांत ते हातात यायला आठवडेच्या आठवडे लागतात. संक्रांतीच्या आत कागद रवाना झाले असतील तर पोटात गोळा येत नाही.

आता पैसा. व्हिसासाठी जर्मनीतल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो तुमच्या हाती येतात. ही रक्कम वेळोवेळी बदलते, तेव्हा भरण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा बघा. द्राक्षाच्या घरात पैसा येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल उतरला की. त्यानंतर खरड छाटणी, औषधं, मजुरी आणि पुन्हा ऑक्टोबरची छाटणी. प्रवेशपत्र येतं बरोबर जून-जुलैत, घरातली रोकड आटलेली असताना. म्हणून माल विकला गेल्याच्या आठवड्यातच ती रक्कम मुदत ठेवीत बाजूला टाका आणि भावकीत कुणाला सांगू नका. त्या दिवसांत उसने मागणारे पुष्कळ असतात.

कर्ज काढणार असाल तर सातबारा घेऊन बँकेत जाऊ नका. पाच एकर थॉमसन द्राक्षाची बाग असली तरी शैक्षणिक कर्जाच्या तारणाला बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बुडीत कर्जाचं तारण बँकेला जप्त करू देणाऱ्या कायद्याखाली, शेतजमिनीवर वसुली करता येत नाही. फ्लॅट, बिनशेती प्लॉट किंवा मुदत ठेव चालते. माझे मेहुणे हे ऐकून दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. शेवटी कर्ज माझ्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर झालं. सूची-२ (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि घरपट्टीची पावती जमवून ठेवा. बँकेचा वकील मालकीचा शोध अहवाल काढतो त्यालाच वेळ लागतो. कर्जाच्या पैशातून शिक्षणासाठी रक्कम बाहेर पाठवली तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. अनुसूचित जातीच्या मुलांनी कर्जाआधी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघावी. तिची जाहिरात निघाली की मुदत फार थोडी असते, म्हणून जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार हवा.

व्हिसाचा अर्ज आता आधी ऑनलाइन भरायचा, मग बोटांचे ठसे आणि मूळ कागद घेऊन मुंबईला जायचं. फी ७५ युरो, ती रुपयांत घेतात. पारपत्र, प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, आरोग्य विमा, आयईएलटीएस, सगळ्या मार्कशीट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. एकेक कागद स्कॅन करून नाव देऊन ठेवा, ‘स्कॅन००१७’ नको. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावर वकिलातीकडेच फेरविचार मागायची सोय बंद केली आहे. नकार आला तर नवा अर्ज किंवा थेट तिकडचं न्यायालय. तेव्हा फाइल पहिल्याच खेपेला चोख हवी. भेटीची वेळ सकाळची असेल तर त्याच दिवशी पंचवटी एक्सप्रेसवर विसंबून निघू नका. जुलैत कसाऱ्याच्या घाटात दरड आली की गाडी इगतपुरीला उभी. आदल्या दिवशी जा, दादरला कुणा नातेवाइकाकडे राहा.

सामानाची यादी आई करेलच, मी तीनच गोष्टी सांगतो. सगळे मूळ कागद पाठीवरच्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाहीत. साजूक तूप, पेढे, खवा घरीच ठेवा, कारण युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. गोडा मसाला, मेतकूट आणि चिवडा बिनधास्त न्या. आणि शनिवारी रात्री उतरणारं तिकीट शक्यतो काढू नका. काढलंच तर दोन दिवसांच्या दशम्या हाताशी ठेवा, रविवारी तिकडची दुकानं बंद असतात.