काजूच्या टरफलापासून बनणाऱ्या रेझिनची श्यानता: क्युअरिंगचे प्रतिमान कसे बांधावे

काजूगर काढल्यावर कोकणातील कारखान्यांत उरणाऱ्या टरफलातून तेल निघते आणि त्यातील कार्डानॉल या फिनॉल वर्गातील संयुगापासून इपॉक्सी रेझिन तयार करता येते. हे रेझिन अमाइन हार्डनरमध्ये (रेझिन कडक करणाऱ्या रसायनात) मिसळून साच्यातील तंतूंमध्ये भरायचे असेल, तर ते किती वेळ पुरेसे पातळ राहील हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी क्युअरिंगच्या, म्हणजे रेझिन कडक होण्याच्या, अभिक्रियेच्या गतीचे आणि श्यानतेचे (वाहण्यास होणाऱ्या विरोधाचे) अशी दोन प्रतिमाने (गणिती मॉडेल) स्वतंत्रपणे बांधून मग जोडावीत.

गतीसाठी ताज्या मिश्रणाचे ५ ते १० मिलिग्रॅम नमुने डीएससीमध्ये (तापवताना बाहेर पडणारी उष्णता मोजणाऱ्या उपकरणात) मिनिटाला ५, १० आणि १५ अंश सेल्सिअस वेगाने तापवावेत. एकूण उष्णतेपैकी जितका भाग एखाद्या क्षणापर्यंत बाहेर पडला, तितके त्या क्षणीचे रूपांतरण. या अभिक्रियेत तयार होणारे हायड्रॉक्सिल गट तिलाच वेग देतात. म्हणून स्वयंउत्प्रेरण धरणारे, कमाल आणि सूरूर यांचे समीकरण बसवावे.

श्यानता रिओमीटरवर (द्रवाचे वाहणे मोजणाऱ्या उपकरणावर), वापरून टाकता येणाऱ्या २५ मिलिमीटरच्या चकत्यांमध्ये, तीन-चार स्थिर तापमानांना मोजावी. वेळ मात्र मिश्रण केल्या क्षणापासून धरावी. त्यानंतर कास्ट्रो आणि मकॉस्को यांचे सूत्र वापरावे: श्यानता = प्रारंभिक श्यानता × [जेल-रूपांतरण ÷ (जेल-रूपांतरण − रूपांतरण)], यातील कंसाचा घात (अ + ब × रूपांतरण). जेल-रूपांतरण म्हणजे मिश्रण वाहायचे थांबून जेल बनते त्या क्षणीचे रूपांतरण; अ आणि ब हे मोजमापांवरून बसवायचे गुणांक. प्रारंभिक श्यानता आऱ्हेनियसच्या नियमाने तापमानाशी जोडली जाते.

खरी अडचण जेल-रूपांतरणाची आहे. दोन इपॉक्सी गटांचा रेणू आणि चार क्रियाशील हायड्रोजनांचे अमाइन समप्रमाणात असतील, तर फ्लोरी-स्टॉकमायर सिद्धांत ०.५८ हा आकडा देतो आणि तोच डोळे मिटून वापरण्याचा मोह होतो. परंतु कार्डानॉलच्या १५ कार्बनांच्या साखळीत दुहेरी बंध शून्यापासून तीनपर्यंत कितीही असू शकतात आणि त्यांचे मिश्रण प्रत्येक खेपेला तेच असेल असे नाही; दुसरा क्रियाशील गट याच बंधांवर बसवलेला असेल, तर रेणूमागे गट किती हेही निश्चित राहत नाही. म्हणून हा आकडा मोजूनच घ्यावा: रिओमीटरच्या दोलनाच्या वेगवेगळ्या वारंवारतांचे टॅन डेल्टाचे (हानी मापांक ÷ साठवण मापांक, म्हणजे द्रवासारखे वागणे ÷ लवचिक घनासारखे वागणे) आलेख ज्या वेळी एका बिंदूत छेदतात ती जेलची वेळ, आणि त्या वेळेचे रूपांतरण गतीच्या प्रतिमानातून काढावे. साठवण आणि हानी मापांक समान होण्याची वेळ सोयीची असली, तरी ती वारंवारतेनुसार सरकते.

गुणांक बसवताना श्यानतेचा लॉगरिदम घ्यावा, अन्यथा जेलजवळचे प्रचंड आकडे सगळे वजन खातात आणि साचा भरताना ज्यांची गरज असते ते सुरुवातीचे लहान आकडे चुकतात. पडताळणी गुणांक बसवताना न वापरलेल्या, तापमान चढत जाणाऱ्या चाचणीवर करावी. जाड भागात अभिक्रियेची उष्णता अडकून राहते, म्हणून तेथे तापमानाची नोंद साच्याच्या भिंतीऐवजी रेझिनच्या मध्यभागी घ्यावी.