सिरिंज पंपावर नवे आहात? ऑक्लूजनचा अलार्म आधी समजून घ्या

मिरजेत किंवा सांगलीत आयसीयूला लागलात की लवकरच नॉरअ‍ॅडच्या पंपासमोर उभं राहावं लागतं (नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे बीपी टिकवून धरणारं औषध). सिरिंज बसवणं, रेट टाकणं, स्टार्ट दाबणं हे चार ड्युट्यांत हातात बसतं. त्याची काळजी नको.

खरी गोची ऑक्लूजनची, म्हणजे लाइन तुंबण्याची. थ्री-वे (लाइनमधला तीन तोंडांचा कॉक) चुकून बंद राहिला किंवा पेशंटच्या कोपराखाली लाइन दबली, तरी मोटर प्लंजर (सिरिंजचा दट्ट्या) ढकलतच राहते. औषध पुढं सरकत नाही. ५० मिलीच्या सिरिंजचं रबर दबतं, लाइन ताणते, आत प्रेशर साठतं. रेट ताशी २-४ मिली असला तर अलार्म वाजायला बरीच मिनिटं जातात, तोवर इकडं बीपी घसरतंय. मग अलार्म होतो, आपण घाईनं थ्री-वे उघडतो आणि साठलेलं सगळं एकदम आत जातं. हिशेब करा: ५० मिलीत ४ मिग्रॅ, म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम द्यायचं तर रेट ताशी ४.५ मिली. अर्धा मिली जरी एकदम सुटला तरी ४० मायक्रोग्रॅम गेले. जवळजवळ सात मिनिटांचा डोस!

म्हणून अलार्म झाला की आधी पंप थांबवा, पेशंटकडची बाजू बंद करा, डॉक्टरांना हाक मारा. थ्री-वेच्या मोकळ्या तोंडातून प्रेशर बाहेर सोडा. अडथळा काढा, मगच बाजू उघडून पंप सुरू करा आणि नजर बीपीवर ठेवा. काही पंप मोटर उलटी फिरवून प्रेशर स्वतःच उतरवतात. तुमचा उतरवतो का, ते बायोमेडिकलवाल्याला विचारा. 'म्यूट कर आणि परत स्टार्ट दाब' असं शिकवणारा सीनियर कितीही प्रेमळ असो, हे त्याच्याकडून शिकू नका.

दुसरं, पंप औषध मोजत नाही, प्लंजर किती सरकला तेवढंच मोजतो. सिरिंजचा आतला व्यास तो मेनूतल्या कंपनीवरून धरतो. छोट्या हॉस्पिटलांत मेडिकलमधून आज एका कंपनीची सिरिंज येते, उद्या दुसऱ्या. मेनू बदलला नाही तर स्क्रीनवर ४.५ दिसेल, जाईल भलतंच.

नवी सिरिंज बसवली की पेशंटला जोडण्याआधी पर्ज करा (पंपानंच थोडं औषध लाइनच्या टोकातून बाहेर सोडा), नाहीतर खाचेतली ढिलाई भरून निघेपर्यंत औषध पोचतच नाही. पंप पेशंटच्या छातीच्या पातळीला ठेवा. प्लंजर नीट अडकला नसेल आणि पंप उंचावर असेल तर औषध आपोआप ओढलं जातं.

बॅटरीचं थोडक्यात: पंप वापरात नसला तरी प्लगलाच लावलेला हवा. कपाटात पडून राहिलेला पंप पेशंटला पुण्याला हलवताना ॲम्ब्युलन्समध्ये लावू नका.