ठाणे-बेलापूर पट्ट्यात क्लोरीन सुटला तर: आधी वारा बघा

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मे निर्णय आपोआप होतात.

पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५च्या संध्याकाळी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने ५,७३० सिलिंडरमधून सुमारे १६८ टन क्लोरीन सोडला. आखणी फ्रिट्झ हाबर या रसायनशास्त्रज्ञाची. सिलिंडर पुरून झाले तरी वारा मनासारखा वाहीना, म्हणून कित्येक दिवस खोळंबले. मग हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरपटत खंदकांत उतरला. तळाशी आडवे पडले त्यांचे हाल सर्वांत वाईट. वाऱ्याच्याच दिशेने मागे पळाले ते ढगाच्या सोबतीनेच धावत राहिले. उंचवट्यावर उभे राहिले ते त्यातल्या त्यात बचावले. पाचव्या दिवशी, २६ तारखेला, ब्रिटिश भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन तिथेच लढली. तिच्यातले जमादार (तेव्हाचा कनिष्ठ अधिकाऱ्याचा हुद्दा) मीर दस्त यांचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान, त्या दिवसाचा.

तोच क्लोरीन आज पाणी शुद्ध करायला ९०० किलोच्या टोनरमधून, म्हणजे मोठ्या पोलादी सिलिंडरमधून येतो. ब्लीचिंग पावडरसारखा उग्र वास आला की वाळत घातलेले कपडे, झेंडा किंवा चिमणीचा धूर बघा. वाऱ्याला आडवं निघा, त्याच्या पुढे पुढे पळू नका. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे वारा बहुधा पारसिकच्या डोंगराकडून खाडीकडे मंद वाहतो, म्हणजे कारखान्यांकडून ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याच्या वस्तीवर. तेव्हा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरका. दुपारी खाडीकडून वारा सुटला की ढग डोंगराच्या बाजूला जातो. तरी घड्याळावर भिस्त नको, झेंडा बघाच. भुयारी रस्ता, नाला, बेसमेंटमधलं पार्किंग टाळा.

बाहेर पडणं शक्य नसेल तर वरच्या मजल्यावर जा. एसी, एक्झॉस्ट बंद. स्लायडिंग खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. बाथरूममध्ये लपायची चूक बरेच जण करतात. तिथली काचपट्ट्यांची खिडकी डक्टमध्ये उघडते आणि डक्ट खालूनच भरतो. ढग सरल्याचं अग्निशमन दलाने सांगितलं की मात्र सगळं सताड उघडा.

नाकातोंडावर ओला रुमाल धरा. ईप्रच्या सैनिकांनी तो लघवीने भिजवला होता. आपल्याला साधं पाणी आहे, चिमूटभर खायचा सोडा घातला तर बरं. हा आडोसा फक्त निसटण्यापुरता. धुळीचा एन-९५ मास्क वायू अडवत नाही.

गळक्या टोनरवर पाणी मारायचं नाही. ओलसर क्लोरीन धातू खातो आणि भोक मोठं होतं. ११२ला फोन करा आणि हात लावू नका.

अंगावर वायू आला असेल तर कपडे डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा आणि पिशवीत बांधून ठेवा. डोळे १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा. त्या माणसाला चालवू नका, बसवून ठेवा आणि १०८ बोलवा.

थोड्या वेळाने बरं वाटलं तरी दवाखाना चुकवू नका. पुढे १९१५च्याच डिसेंबरात ब्रिटिशांवर सोडलेल्या फॉस्जीन या दुसऱ्या विषारी वायूने हेच दाखवलं: धडधाकट दिसणारा सैनिक काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कोसळायचा, कारण फुफ्फुसात पाणी सावकाश भरतं. क्लोरीनमध्येही असा उशीर होऊ शकतो. डॉक्टरांना वायूचं नाव आणि तो किती वाजता, किती वेळ अंगावर होता ते सांगा.