चोवीस कार्डं, एक शीट: जुळवणीआधीची तयारी

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोवीस वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची व्हिजिटिंग कार्डं १२ बाय १८ इंचांच्या एका शीटवर बसवायची असतील, तर फाइल उघडण्याआधी हिशेब मांडून घ्या. तयार कार्ड ८९ बाय ५१ मिलिमीटर. चारही बाजूंना २ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, धरलं की एका कार्डाची जागा, म्हणजे एक घर, ९३ बाय ५५ चं होतं. आडवी तीन घरं २७९, उभी आठ घरं ४४०. शीट साधारण ३०५ बाय ४५७, म्हणजे बाजूंना तेरा-तेरा आणि वर-खाली जेमतेम साडेआठ मिलिमीटर उरतात. तेवढी जागा मशीनला पुरते का, हे प्रेसवाल्याला आधीच विचारा. ब्लीड ३ चं हवं म्हणाला तर आठ घरं ४५६ वर जातात, शीट संपलीच. मग एकवीस कार्डांवर भागवा.

मापं मिलिमीटरमध्ये करून घ्या. ग्रिड दाखवून त्यावर एकेक कार्ड ओढत बसणं मला पटत नाही. शीट पूर्ण दिसत असते तेव्हा अर्ध्या मिलिमीटरची चूक डोळ्याला कळतच नाही. त्यापेक्षा आधी रिकामी घरं आखा. ९३ बाय ५५ ची एक चौकट काढा, कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून ठरावीक अंतरावर प्रती काढणारं स्टेप अँड रिपीट उघडा. तिथे ‘ऑफसेट’ (मूळ जागेपासून सरकण्याचं अंतर) निवडलं तर आडवा आकडा ९३ टाकायचा आणि ‘स्पेसिंग’ (दोन चौकटींमधली मोकळी जागा) निवडलं तर शून्य. स्पेसिंगमध्ये ९३ गेलं की चौकटी शीटबाहेर पळतात! प्रती दोनच मागा, मूळ चौकट धरून तीन होतात. मग ती रांग उचलून खाली ५५ च्या ऑफसेटने सात प्रती. सगळ्या चौकटी एकत्र ग्रुप करून ‘पी’ दाबला की पानाच्या मधोमध. नंतर ग्रुप सोडा.

आता कार्डं तपासा. वायरफ्रेम व्ह्यूमध्ये, म्हणजे रंग लपवून फक्त रेषा दाखवणाऱ्या दृश्यात, प्रत्येक कार्ड पाहा, कारण गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये पांढऱ्यावर पांढरा तुकडा किंवा रिकामी टेक्स्टची चौकट हमखास सापडते. ती ग्रुपमध्ये राहिली की ग्रुपचं माप वाढतं आणि मध्य सरकतो. कार्ड बरोबर लावूनही तिरपागडं दिसतं. अक्षरं कंट्रोल-क्यूने कर्व्ह करा, म्हणजे त्यांचे आकार बनवा, कार्ड ग्रुप करा, माप ९३ बाय ५५ च येतंय ना बघा. सगळी मापं सारखी असली की कार्ड घराच्या मधोमध बसवायला पुढे ‘सी’ आणि ‘ई’ एवढ्याच कळा लागतात. कार्ड आधी निवडा, शिफ्ट धरून घराची चौकट शेवटी. जे शेवटी निवडाल ते जागचं हलत नाही. इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी प्रेफरन्सेसमध्ये बाउंडिंग बॉक्स (आकाराचं माप धरणारी चौकट) ‘जिऑमेट्रिक’ आहे का पाहावं, नाहीतर रेषेची जाडीही मापात धरली जाते.

पाठपोट छपाई असेल तर मागच्या पानावर घरं तीच, पण उभ्या रांगांची अदलाबदल: शीट पुस्तकाच्या पानासारखी उलटणार असेल तर डावीकडच्या कार्डाची पाठ उजवीकडे जाते, मधली रांग मधेच राहते. एकाच गिऱ्हाइकाचं काम असतं तर हे खपून गेलं असतं. इथे वकिलाच्या मागे केटररचा मेनू छापला जाईल. म्हणून घरांना १ ते २४ आकडे वेगळ्या लेयरवर देऊन ठेवा आणि साध्या कागदावर एक पाठपोट प्रिंट काढून उजेडासमोर धरा. आकडे जुळले की त्या लेयरची छपाई बंद करा, चौकटींच्या आऊटलाइन काढून टाका, कटिंगच्या खुणा घाला आणि पीडीएफ करा.